पोर्तोहून सांतियागोला : समुद्राकाठून जावे की आतल्या वाटेने?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. वय ६१. यजमान ६५ वर्षांचे असून मूर्तिजापूर तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. आमची लेक आणि जावई नोकरीनिमित्त पोर्तुगालमधील पोर्तो शहरात राहतात. त्यांच्याकडे जाण्याचे ठरत असताना लेकीने सुचवले की, तेथून स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थापर्यंत पायी यात्रा चालते, ती तुम्ही दोघांनी करावी. मी शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी गेलेली आहे, त्यामुळे चालण्याची धास्ती नाही. मात्र उतारावर उजवा गुडघा दुखतो. पोर्तोहून दोन वाटा निघतात असे कळते. एक समुद्राच्या कडेने जाते व शांत आहे म्हणतात, दुसरी आतल्या गावांमधून जाते व तिच्यावर यात्रेकरूंची वर्दळ असते. यजमानांना गर्दीचा कंटाळा आहे आणि समुद्राची ओढ आहे. मला मात्र माणसांशिवाय यात्रा ही यात्रा वाटत नाही. आम्ही दोघेही माळकरी आहोत. कोणती वाट धरावी? शिवाय आमच्या जाऊबाई विचारतात की, गळ्यात तुळशीची माळ घालून परधर्माच्या यात्रेत चालणे बरे दिसते का? त्यांना काय सांगावे?

उत्तर : ताई, नमस्कार.

तुम्हा दोघांमधील वाद पत्रात जेवढा मोठा दिसतो, तेवढा तो जमिनीवर नाही. पोर्तोहून निघणाऱ्या या दोन्ही वाटा शेवटपर्यंत वेगळ्या राहत नाहीत. स्पेनच्या गालिसिया प्रांतात रेदोन्देला नावाचे गाव आहे, तेथे त्या एकमेकींना मिळतात आणि पुढचे सुमारे ८५ किलोमीटर सर्वांना एकाच वाटेने जावे लागते. आतल्या वाटेने पोर्तो ते सांतियागो हे अंतर साधारण २४० किलोमीटर आहे, तर समुद्राकाठाने ते साधारण २८० किलोमीटर भरते. म्हणजे निवड करायची आहे ती पहिल्या आठवड्यापुरतीच, आणि उरलेल्या चार-पाच दिवसांत यजमानांना गर्दी व तुम्हाला सोबत, ही दोन्ही आपोआप मिळणार आहेत, कोणी कितीही नको म्हटले तरी.

दुसरी गोष्ट ‘शांत’ या लौकिकाची. समुद्राकाठची वाट शांत होती हे खरे, पण गेल्या काही वर्षांत तिची कीर्ती इतकी पसरली आहे की तो लौकिक आता मागच्या काळातला झाला. सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयाने २०२४ मध्ये जवळपास पाच लाख यात्रेकरूंना यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र दिले. त्यांपैकी सुमारे ९५ हजार पोर्तुगालच्या आतल्या वाटेने आलेले होते आणि सुमारे ७५ हजार समुद्राकाठच्या वाटेने. आतल्या वाटेच्या आकड्यात पोर्तुगालमध्ये पाऊलही न ठेवता स्पेनच्या हद्दीतील तुई या गावापासून चालायला लागलेले बरेच जण असतात, कारण प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालणे आवश्यक आहे आणि तुई ते सांतियागो हे अंतर त्याहून थोडेच अधिक, म्हणजे ११५ ते १२० किलोमीटरच्या घरात आहे. त्याच कारणाने किनाऱ्यावरील अनेकांची सुरुवात विगो शहरातून होते. खरी दाटी आहे ती या शेवटच्या टप्प्यात. त्याआधी पोर्तुगालच्या हद्दीत दोन्ही वाटांवर माणसे दिसतात, पण खेटून चालण्याची पाळी येत नाही.

समुद्राकाठी माणसे कमी असतील असे यजमानांनी मनात धरले असेल, तर मातोझिन्योश आणि पोव्हा द वार्झिम या गावांचे किनारे सुटीच्या दिवशी कसे असतात हे त्यांनी जावयांना विचारून पाहावे. तेथे यात्रेकरू थोडे असले तरी पोहायला, ऊन खायला, सायकली घेऊन फिरायला आलेली शहरी माणसे भरपूर असतात. एकांत लागतो तो एस्पोझेन्देच्या पुढे, वाळूच्या टेकड्या आणि पाइनची झाडे सुरू झाल्यावर. आणि तोही सकाळी लवकर निघालेल्यांनाच.

तुमच्या बाजूचाही एक समज येथेच दूर करायला हवा. तुम्ही जिच्याबरोबर चाललात ती शेगावची पालखी शिस्तीसाठी ओळखली जाते. तिथे चालण्याचा क्रम ठरलेला असतो, मुक्काम ठरलेला असतो, पंगत बसते, आणि आपण कोण आहोत हे न विचारता वाटेवरची गावे भाकरी-पिठले घेऊन उभी राहतात. कामिनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या युरोपीय यात्रेत यातले काहीही नाही. दिंडी नाही, विणेकरी नाही, निघण्याची ठरलेली तिथी नाही. वर्षाच्या कोणत्याही दिवशी कोणीही पाठीवर पिशवी टाकून निघतो, विजेच्या खांबांवर, कुंपणाच्या भिंतींवर आणि दगडांवर रंगवलेले पिवळे बाण पाहत चालतो आणि स्वतःच्या जेवणाचे पैसे स्वतः देतो. ‘वर्दळ’ म्हणजे तिथे इतकेच की दर पाच-दहा मिनिटांनी कोणीतरी मागून येऊन ‘बोम कामिन्यो’ म्हणत पुढे निघून जातो. सोबत जमते ती संध्याकाळी, यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, ज्यांना तिकडे आल्बेर्गे म्हणतात. एका दालनात वर-खाली खाटा असतात, कपडे वाळत घातलेले असतात, कोणी पायाचे फोड सुईने फोडत असतो आणि कोरियाची बाई, ब्राझीलचा मुलगा व जर्मनीचे आजोबा अर्धवट इंग्रजीत एकमेकांची विचारपूस करत असतात. तुम्हाला जी माणसे हवी आहेत ती वाटेवर नव्हे, तेथे मिळतील, आणि तशी धर्मशाळा दोन्ही वाटांवर आहे.

आता गुडघ्याकडे वळू, कारण माझ्या मते निर्णय समुद्राने किंवा गर्दीने नव्हे, तर गुडघ्याने करायचा आहे.

आतल्या वाटेचा जुना भाग ग्रॅनाइटच्या लहान चौकोनी दगडांनी फरसबंद केलेला आहे. पोर्तोतून बाहेर पडल्यापासून कित्येक गावांत आणि गावांमधल्या रस्त्यांवर हे दगड पायाखाली येतात, आणि त्यांचे माथे समपातळीत नसतात. नांगरलेल्या वावरात ढेकळांवरून चालताना घोटा जसा दर पावलाला थोडा-थोडा कलतो तसेच येथे होते, फक्त ढेकूळ पायाखाली फुटते आणि ग्रॅनाइट फुटत नाही. पाऊस झाला असेल तर हे दगड निसरडे होतात. त्यात पोन्त द लिमा गावाच्या पुढे लाब्रुजाचा चढ येतो. उंची फार नाही, माथा समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या आसपास आहे. पण चढ अंगावर येणारा, दगडगोट्यांचा आहे, आणि तुम्हाला खरी अडचण चढाची नाहीच, पलीकडे रुबियाइशकडे उतरणाऱ्या वाटेची आहे. ज्यांचा गुडघा उतारावर बोलतो त्यांच्यासाठी पूर्ण आतल्या वाटेतील हा दिवस सर्वांत वाईट.

समुद्राकाठची वाट याउलट बहुतांशी सपाट आहे. पोर्तोच्या उत्तरेला किनाऱ्यालगत मैलोगणती लाकडी फळ्यांचे पादपथ टाकलेले आहेत, जेणेकरून वाळूच्या टेकड्या माणसांच्या पायांनी मोडू नयेत. फळी पावलाखाली किंचित दबते, त्यामुळे गुडघ्याला बरे वाटते. मात्र वाऱ्याने त्या फळ्यांवर वाळू येऊन साचते, ती बुटात जाते, मोज्यात बसते, आणि दोन तासांत टाचेला फोड आणते. यावर उपाय एवढाच की वाळू जाणवली की त्याच क्षणी थांबून बूट काढावा आणि मोजा उलटा करून झटकावा. ‘पुढच्या गावी बघू’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी लंगडतो. बूट नवे कोरे घेऊन जाऊ नयेत, निदान दोन महिने गावातल्या रस्त्यावर चालून ते पायात बसवावेत. आणि हाती धरायच्या दोन काठ्या मात्र पोर्तोतच विकत घ्याव्यात, कारण विमानात त्या हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. उतारावर या काठ्या गुडघ्यावरचा भार बराच कमी करतात. निघण्यापूर्वी अकोल्याला किंवा अमरावतीला हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवून घ्यावा, हे मी सांगायला नकोच.

किनाऱ्याची जी खरी अडचण आहे ती कोणी आधी सांगत नाही. पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वाहतो, त्याला तिकडे नोर्तादा म्हणतात. दुपारनंतर तो जोर धरतो, आणि तुम्ही दक्षिणेकडून उत्तरेला चालत असल्यामुळे तो दिवसभर तोंडावर येतो. आपल्याकडच्या माणसाला ऊन नवे नाही, मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हाही आपण वावरात जातोच. परंतु अटलांटिकचा गार वारा आणि गालिसियाचा बारीक, न थांबणारा पाऊस आपल्या अंगाला माहीत नाही. पातळ का होईना पण वारा अडवणारे जाकीट आणि कान झाकणारा रुमाल हे सुती कपड्यांच्या चौथ्या जोडापेक्षा जास्त उपयोगाचे आहेत. तसेच किनाऱ्यावर सावली जवळजवळ नाही. हवा गार लागते म्हणून ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी मान व हात भाजलेले असतात.

महिना मे चा धरावा. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपच्या सुट्यांमुळे दोन्ही वाटा भरलेल्या असतात आणि आतल्या वाटेवर ऊनही असते. ऑक्टोबरपासून गालिसियात पावसाचे दिवस वाढतात. सप्टेंबर हवामानाला उत्तम आहे, पण तेव्हा तुमच्याकडे सोयाबीन काढणीला येत असते आणि पाठोपाठ कापूस वेचणी लागते, त्यामुळे यजमानांचे शरीर तिकडे आणि मन वावरात राहील. एप्रिलच्या शेवटी उन्हाळवाहीची कामे सालदाराच्या हाती सोपवून निघालात तर मृगाच्या आत परतता येते.

आता माझा सल्ला. तुम्ही पोर्तोहून समुद्राकाठाने निघावे, पण ती वाट शेवटपर्यंत धरू नये. मिन्यो नावाची मोठी नदी पोर्तुगाल आणि स्पेन यांची सीमा आहे आणि तिच्या मुखाशी पोर्तुगालच्या बाजूला कामिन्या हे गाव आहे. किनाऱ्याने जाणारे बहुतेक यात्रेकरू तेथून होडीने नदी ओलांडून स्पेनमध्ये उतरतात. तुम्ही होडीत बसू नये. कामिन्याहून उजवीकडे वळून नदीच्या काठाकाठाने विला नोव्हा द सेर्वेरा गावावरून वालेन्सापर्यंत चालत जावे. हा टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा आहे, त्याचे सहज दोन दिवस करता येतात, आणि बराचसा भाग नदीकाठच्या सपाट पादपथावरून जातो. वालेन्साला आतली वाट भेटते. तेथल्या किल्ल्यातून उतरून १८८६ मध्ये खुला झालेल्या लोखंडी पुलावरून पलीकडे गेले की स्पेनमधील तुई, आणि घड्याळ एक तास पुढे करायचे. तेथपासून तुमची वर्दळ सुरू.

अशी जोडवाट धरल्याने यजमानांना पाच दिवस समुद्र आणि दोन दिवस नदी मिळते, तुम्हाला तुईपासून सांतियागोपर्यंत माणसे मिळतात, आणि लाब्रुजाचा उतार पूर्णपणे टळतो. अंतरही संपूर्ण किनाऱ्याच्या वाटेपेक्षा कमी पडते. शिवाय विगो टळते. ते गालिसियातील सर्वांत मोठे शहर, आणि पायी चालणाऱ्याला मोठ्या शहराच्या पोटातून जाणे नेहमीच जिवावर येते.

या सल्ल्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे ठरावे. पोर्तोची मेट्रो समुद्राकाठच्या विला दो कोन्द आणि पोव्हा द वार्झिम या गावांपर्यंत जाते. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस तुम्ही पाठीवर फक्त पाणी आणि शिदोरी घेऊन चालावे, संध्याकाळी मेट्रोने लेकीच्या घरी येऊन आपल्या अंथरुणावर झोपावे आणि सकाळी परत तेथूनच पुढे निघावे. पहिला दिवस पोर्तोच्या मोठ्या चर्चपासून नदीकाठाने फोशपर्यंत आणि तेथून समुद्राकाठाने मातोझिन्योशपर्यंत, इतकाच ठेवावा. तेवढ्यात गुडघा काय म्हणतो ते कळेल. पुढे वियाना दो कास्तेलो, विला प्राया द आंकोरा, कामिन्या, सेर्वेरा आणि वालेन्सा ही सर्व गावे पोर्तोहून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहेत. पाय अगदीच बसला तर गाडीत बसून त्याच दिवशी घरी येता येते. आतल्या वाटेवर पोन्त द लिमा आणि रुबियाइश येथे रेल्वेस्थानक नाही, आणि नेमका कठीण भाग तोच आहे. सामानाचेही तसेच. दोन्ही वाटांवर पिशवी पुढच्या मुक्कामी पोहोचवून देणाऱ्या गाड्या मिळतात, स्पेनच्या हद्दीत तर टपाल खातेच ही सेवा देते. वारीत आपले सामान ट्रकमध्ये जाते आणि त्याबद्दल कोणी आपल्याला कमी वारकरी म्हणत नाही, तेव्हा येथेही संकोच करू नये.

या निवडीत काही गोष्टी सुटतात, त्या लपवत नाही. ओइया येथील समुद्राला खेटून उभा असलेला जुना मठ सुटतो. बायोना बंदर सुटते, जिथे १ मार्च १४९३ रोजी कोलंबसच्या ताफ्यातले पिंता जहाज परतले आणि पलीकडच्या भूमीची बातमी युरोपच्या किनाऱ्याला पहिल्यांदा लागली. आतल्या वाटेवरचे बार्सेलुशही सुटते. सांतियागोला निघालेल्या एका यात्रेकरूवर तेथे चोरीचा खोटा आळ आला, आणि तो निर्दोष असल्याची साक्ष न्यायाधीशाच्या ताटातील भाजलेल्या कोंबड्याने आरवून दिली, अशी दंतकथा आहे. पोर्तुगालभर दुकानांत जो रंगीत मातीचा कोंबडा दिसतो तो तिथलाच. पण बार्सेलुशला पोर्तोहून रेल्वेने जाता येते. गुरुवारी जावे, त्या दिवशी तिथे मोठा आठवडी बाजार भरतो आणि मला वाटते, मूर्तिजापूरचा बाजार पाहिलेल्या माणसाला तो चर्चपेक्षा जास्त वेळ अडकवून ठेवील.

जेवणाबद्दल तुम्ही थेट विचारलेले नाही, पण ‘आम्ही माळकरी आहोत’ हे एवढे वाक्य पुरेसे आहे. किनाऱ्यावर खाणे म्हणजे मासे, आणि आत गेले तर डुकराचे मांस. शाकाहार तेथे अशक्य नाही, परंतु विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नये. काल्दो वेर्द नावाचे हिरव्या पाल्याचे आणि बटाट्याचे सूप दिसायला आपल्या पातळ भाजीसारखे असते, पण त्यात बहुधा मांसाच्या चकत्या टाकतात. स्पेनमध्ये ज्याला तोर्तिया म्हणतात तो बटाट्याचा जाड वडा नव्हे, त्यात अंडी असतात. गालिसियाच्या पालेभाजीच्या सूपात डुकराची चरबी असते. उलट भाज्यांचे साधे सूप, पाव, चीज, ऑलिव्ह, फळे, भात, चणे आणि राजमा हे सर्वत्र मिळते, आणि शिजवलेल्या कडधान्यांच्या बरण्या कोणत्याही किराणा दुकानात असतात. पाद्रोन परिसरातील छोट्या हिरव्या मिरच्या तेलात तळून वर जाडे मीठ टाकून देतात, त्या अवश्य खाव्यात. बहुतेक तिखट नसतात, एखादीच निघते, आणि तीही आपल्या माणसाला जाणवण्याजोगी नव्हे. एकादशीला केळी, उकडलेले बटाटे आणि शेंगदाणे यांवर सहज निभते. घरून पेढे किंवा तूप मात्र नेऊ नये, कारण बाहेरच्या देशातून दुग्धजन्य पदार्थ स्वतःसोबत आणण्यास युरोपीय संघात मनाई आहे. जवसाची चटणी लेकीकडेच कुटून घ्यावी. धर्मशाळांमध्ये स्वयंपाकघर असते, पण गालिसियातील सरकारी धर्मशाळांत शेगडी असली तरी भांडी असतीलच असे नाही, म्हणून एक हलके पातेले सोबत असू द्यावे.

या सरकारी धर्मशाळांची आणखी एक रीत सांगून ठेवतो. तेथे आधी जागा राखून ठेवता येत नाही, जो आधी पोहोचेल त्याला खाट मिळते आणि सहसा एकच रात्र राहू देतात. दर नाममात्र असतो. तुईच्या पुढे मे महिन्यातही दुपारनंतर खाटा संपतात, तेव्हा तेथपासून खाजगी धर्मशाळा किंवा साधी खोली आधीच सांगून ठेवणे तुमच्या वयाला सोयीचे. जिथे दालनात झोपावे लागेल तिथे खालची खाट मागावी. गुडघ्याचे कारण सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही.

तुईच्या पुढचे दिवस यजमानांना जड जातील हे मी गृहीत धरतो. पोरिन्योच्या औद्योगिक वसाहतीतून सरळ कंटाळवाणा रस्ता जातो, तेथे लौरो नदीकाठाची पर्यायी वाट घ्यावी. रेदोन्देलाला दोन्ही वाटा मिळाल्यावर शाळेच्या सहलीसारखे घोळके भेटतात. त्यावर माझा उपाय असा की तुम्ही दोघांनी दिवसभर बरोबर चालण्याचा हट्ट सोडावा. त्यांनी पहाटे अंधारातच निघावे आणि तुम्ही उजाडल्यावर, चहापाणी करून, गप्पा मारत निघावे. बाण दोघांनाही तेच आहेत आणि मुक्काम ठरलेला आहे. पहाटे सहा ते आठ या वेळात त्या वाटेवर खरोखर शांतता असते. आणि त्यांना तेवढ्याने पुरत नसेल तर पोन्तेवेद्रा शहरानंतर एक फाटा आहे, त्याला आध्यात्मिक वाट असे नाव आहे. तो कोम्बारो या मच्छीमारांच्या गावावरून, आर्मेन्तेइरा येथील डोंगरातल्या मठावरून आणि पाणचक्क्यांच्या ओढ्याकाठाने विलानोव्हा दे आरोउसा या खाडीकाठच्या गावी जातो, आणि तेथून होडीने पाद्रोनजवळ पोहोचवतो. संत याकोबांचे शव ज्या जलमार्गाने आणले गेले असे मानतात तोच हा मार्ग. मठाकडे चढ बराच आहे आणि पलीकडे ओढ्याकाठची उतरण आहे, म्हणून तो तुमच्यासाठी नाही. यजमानांनी हवे तर एकट्याने जावे आणि तुम्ही काल्दास दे रेइसवरून सरळ जाऊन पाद्रोनला भेटावे. काल्दासला गरम पाण्याचे झरे आहेत, तेथे पाय बुडवून बसायला मिळते. त्या दिवशी कोणाचा फायदा अधिक झाला हे संध्याकाळी ठरवता येईल.

आता जाऊबाईंचा प्रश्न. सांतियागो म्हणजेच येशूचे शिष्य संत याकोब. त्यांची समाधी नवव्या शतकात त्या ठिकाणी सापडली अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे आणि तेव्हापासून हजार-बाराशे वर्षे लोक तेथे पायी जात आहेत. वाटेवर कोणी धर्म विचारत नाही. प्रमाणपत्र देणारे कार्यालय यात्रेचा हेतू मात्र विचारते, आणि ‘कोम्पोस्तेला’ हे लॅटिन भाषेतील प्रमाणपत्र धार्मिक किंवा आध्यात्मिक हेतूने चालणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचा हेतू निव्वळ भटकंतीचा असेल त्यांना वेगळे स्वागतपत्र देतात. तुम्ही पंढरीच्या वाटेवर चाललेल्या बाई आहात, ‘आध्यात्मिक’ असे सांगताना तुम्हाला खोटे बोलल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. चर्चमधील प्रार्थनेला कोणीही बसू शकतो. पवित्र भाकर घेण्यासाठी रांग लागते ती मात्र कॅथलिकांसाठी असते, तेव्हा जागेवर बसून राहावे, एवढेच पथ्य. गळ्यातील माळेबद्दल बोलायचे तर, तिकडचे यात्रेकरू ओळख म्हणून पिशवीला शिंपला बांधतात. तुमची माळ पाहून लोक कुतूहलाने विचारतील, आणि मग पंढरपूर कुठे आहे आणि तिथे किती लोक पायी जातात हे सांगण्यातच तुमच्या दोन-तीन संध्याकाळी जातील. जाऊबाईंना हे पटेल की नाही हे मला माहीत नाही, पण त्यांच्या संमतीवाचून तुमचे तिकीट अडत नाही. कौंडिण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी पंढरपूरला निघते, तिच्यासाठी विदर्भातील गावागावांत कोणकोण पाण्याचे माठ भरून ठेवतात, याचा त्यांनी एकदा शोध घ्यावा इतकेच सुचवतो.

राहिली कागदपत्रे. तुमचा अधिक मुक्काम लेकीकडे होणार असल्यामुळे शेंगेन व्हिसा पोर्तुगालकडे मागावा. तोच स्पेनमध्येही चालतो आणि त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात निघायचे तर जानेवारीतच तारीख घ्यावी, शेवटच्या आठवड्यांत उन्हाळी सुट्यांची गर्दी होते. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३० हजार युरोंचे लागते आणि तुमचे वय ६० च्या पुढे असल्याने विमा घेताना गुडघ्याचे जुने दुखणे लपवू नये. तुमच्या निवृत्तिवेतनाचे बँक विवरण, जावयांचे निमंत्रणपत्र आणि त्यांच्या वास्तव्याचा परवाना जोडावा. यजमानांच्या शेतीच्या उत्पन्नासाठी सातबारा आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह तयार ठेवावा. यात्रेकरूचे पारपत्र, म्हणजे ज्यावर प्रत्येक गावी शिक्के घ्यायचे ती घडीची पुस्तिका, पोर्तोच्या मोठ्या चर्चमध्ये मिळते. तुईपासून पुढे दररोज किमान दोन शिक्के घ्यावेत, चहाच्या दुकानातला शिक्काही चालतो.

एक तारीख ध्यानात ठेवावी. संत याकोबांचा सण २५ जुलैला असतो आणि तो ज्या वर्षी रविवारी येतो ते पवित्र वर्ष मानतात. २०२७ हे तसे वर्ष आहे. त्या वर्षी गर्दी वाढणार हे उघड आहे. तुमचे जाणे नेमके त्याच वर्षी ठरले, तर तुईपासून पुढच्या सर्व मुक्कामांच्या खोल्या व्हिसा हाती येताच लेकीकडून सांगून ठेवाव्यात, आणि यजमानांना ही गोष्ट विमानात बसण्यापूर्वीच सांगावी.